तोवर घिरट्या घाला

अमेरिकेच्या वैमानिक परवान्यावर राइट बंधूंची चित्रे असतात. क्रेडिट कार्डाएवढे प्लास्टिकचे ते कार्ड. तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरी असे कार्ड आले, तेव्हा आजीने ते आधी देव्हाऱ्यात ठेवले आणि मग विचारले, "ह्ये दोघं कोण रं?"

"राइट बंधू, आजी. विमान काढलं त्यांनी पहिलं."

"मंग बरूबर हाय," असे म्हणून आजीने दोघांनाही हळदकुंकू वाहिले. पुढे दिल्लीला पाठवायला ते कार्ड स्कॅन करायची वेळ आली, तेव्हा ऑर्व्हिल राइट सवाष्णीसारखा दिसत होता. नातवाने ते ओल्या फडक्याने पुसले. आजी म्हणाली, "पुसू नगं, काम अडंल." काम अडलेच. त्यात कुंकवाचा हात किती आणि नियमांचा किती, हे त्या घरात अजून ठरलेले नाही.

या लेखातला 'कॅप्टन' हा कुणी एक माणूस नव्हे. सातारा-सांगलीकडून परदेशी जाऊन विमान शिकून आलेल्या पोरांचा मिळून तो एक केला आहे. यांपैकी बऱ्याच जणांची लग्ने ठरायची आहेत, तेव्हा ओळख झाकलेली बरी.

तर आपला कॅप्टन फ्लोरिडात सेसना 172 हे चार आसनी विमान अडीचशे तास उडवून आला. त्यासाठी दीड एकर सोनाका द्राक्षाची बाग गेली आणि उरलेल्या बागेवर बँकेचा बोजा चढला. गावच्या चौकात लगेच अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर चार इंजिनांचे, दुमजली बोइंग 747 होते, कारण फ्लेक्सवाल्याकडे तयार विमान तेवढे एकच होते. खाली शुभेच्छुकांच्या बावीस फोटोंची रांग. त्यांतल्या निम्म्यांनी काळे गॉगल घातलेले आणि दोघे फोनवर बोलत असलेले. कॅप्टनने गॉगल घातला नव्हता. परगावचा माणूस फ्लेक्सपुढे थांबून ह्यातला पायलट कोणता, असे विचारायचा आणि उत्तर ऐकून जरा खट्टू व्हायचा.

चौथ्या दिवशी वडिलांनी विषय काढला. "मग? कवा हजर व्हायचं कामावर?"

"आबा, आधी लायसन कन्व्हर्ट करायला लागतंय."

"म्हंजे?"

"अमेरिकेचं हिथं चालत न्हाई. त्याचं भारताचं करून घ्यायचं."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "आरं, तिकडं उडतंय ते विमान हिकडं उडत न्हाई व्हय? हिकडची हवा काय येगळी हाय?"

हा प्रश्न आबांना अडाणीपणातून पडला असे समजायचे कारण नाही. 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागोत 52 देशांनी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या केल्या, त्यांत भारतही होता. त्या कराराच्या 33 व्या कलमात म्हटले आहे की किमान दर्जा सांभाळला असेल, तर एका देशाने दिलेला परवाना दुसऱ्या देशाने मानावा. म्हणजे आबा आणि शिकागो करार यांचे मत जवळपास एकच आहे. घोटाळा त्याच्या आधीच्या कलमात आहे. 32 व्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की स्वतःच्याच नागरिकाने परक्या देशातून परवाना आणला असेल, तर आपल्या हद्दीतल्या उड्डाणांसाठी तो न मानण्याचा हक्क प्रत्येक देशाला राहील. परदेशी वैमानिकांना आपल्याकडे विमान कंपन्यांत काम करण्यासाठी तात्पुरत्या परवानगीची वेगळी वाट आहे. तासगावच्या पोराला ती नाही. त्याला अभ्यासाला बसावे लागते.

ही कलमे कॅप्टनला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती शोधून काढली साताऱ्याच्या मामांनी. मामा जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेले. मंगळवार पेठेतल्या घरात सकाळी पेपर आणि संध्याकाळी चार भिंतींच्या टेकडीवर फेरफटका असे त्यांचे आयुष्य चालले होते. त्यांनी विमान कधी जवळून पाहिले नव्हते, पण कागद असा पाहिला होता की त्याच्या कोपऱ्यावरून तो कुठल्या टेबलावर अडकणार हे सांगत. भाच्याच्या निमित्ताने त्यांच्या हाती 1937 सालचे विमान नियम आणि त्यांची परिशिष्टे लागली. दोन दिवस मामा जेवणावरसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "काय मसुदा आहे! असा इंग्रजच लिहू शकतो. एका वाक्यात तीन 'परंतु' आहेत." मामींनी फोन करून आबांना कळवले की ह्यांची तब्येत पुष्कळ सुधारली आहे.

मामांनी एक फाईल उघडली. त्यातला पहिला कागद होता कॉम्प्युटर नंबरचा.

भारतात वैमानिकाची परीक्षा दिल्लीचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय घेते, ज्याला या धंद्यातले सगळे डीजीसीए म्हणतात. परीक्षेला बसायचे तर आधी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर लागतो आणि त्या नंबरासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका बोर्डाकडून पडताळून घ्याव्या लागतात. सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. त्यामुळे मायामीच्या आकाशात एकट्याने विमान फिरवलेल्या कॅप्टनचा मायदेशातला पहिला क्रॉस-कंट्री प्रवास तासगाव ते कोल्हापूर असा लाल गाडीतून, उभ्याने झाला.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, ही अट त्याने पार केली होती. मिरजेचा त्याचा एक दोस्त कॉमर्सचा. रात्रीच्या अंधारात समुद्रकाठच्या धावपट्टीवर विमान उतरवणारा तो गडी आता मुक्त विद्यालयातून बारावीच्या फिजिक्सला बसला आहे आणि घर्षणाच्या धड्यावर अडला आहे.

कॅप्टनचा अडथळा निराळा होता. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टावर आडनावाचा रकाना वेगळा. अमेरिकेने आडनाव शेपटाला नेले. एवढे दिल्लीने समजून घेतले असते. पण गुणपत्रिकेत वडिलांचे जे साधे नाव होते, त्याला पासपोर्टात 'राव' लागला होता.

"हा राव कुठून आला?" मामांनी विचारले.

"पासपोर्टच्या टायमाला म्याच घातला," आबा म्हणाले. "परदेशात जाणार पोरगं. तिकडं बापाचं नाव मोकळं कसं दिसंल?"

"तो काढावा लागेल, दाजी."

"आमच्या सात पिढ्या राव हायत! दिल्लीच्या सांगण्यावरनं काढायचा?"

शेवटी सांगलीच्या कोर्टासमोर स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र झाले की रावासह आणि रावाविना असलेले हे दोन्ही गृहस्थ म्हणजे एकच इसम होत. आबांनी सही करताना राव जरा ठसठशीत काढला.

पुढचा कागद तासांचा. व्यावसायिक परवान्यासाठी भारताला एकूण 200 तास पुरतात आणि कॅप्टनकडे अडीचशे होते. आबा म्हणाले, "पन्नास जास्तीचं हायत, कुणाला पायजे असतील तर दिऊन टाकू." पण मामांनी ऑडिटला बसावे तसे लॉगबुक पुढे घेतले आणि एकेका ओळीवर पेन्सिलची खूण करत गेले. दोनशेपैकी 100 तास तरी 'पायलट इन कमांड', म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर असलेले हवेत. अमेरिकेत खासगी परवाना हातात पडला, की शेजारी शिक्षक बसलेला असला तरी सुकाणू ज्याच्या हातात त्याला ते तास स्वतःच्या नावे लिहिता येतात. इथे शिक्षक शेजारी असला म्हणजे तो तास शिकण्याचा, साहेबी त्याची. लॉगबुकाचे पान न फाटता कॅप्टनचे साहेबीचे तास पेन्सिलीखाली आटत गेले. संध्याकाळी हिशेब संपला तेव्हा बेरीज शंभराच्या जरा वरच टेकली होती. मामांना ते पाहून समाधान वाटले की खंत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

शिवाय रात्रीचे पाच तास, त्यात दहा वेळा उड्डाण आणि दहा वेळा उतरणे, आणि तेही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. ही सहा महिन्यांची अट मात्र आबांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. द्राक्ष काढले की किती दिवसांत गिऱ्हाईक गाठायचे हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याला तासही नाशवंत असतात हे लगेच पटले. "मंग ह्याचा बेदाना करता येत न्हाई का?" एवढेच त्यांनी विचारले. येत नाही. परीक्षा होईपर्यंत तास शिळे होतात आणि तास ताजे करत बसावे तर परीक्षेची तारीख निघून जाते.

वैद्यकीय तपासणी अमेरिकेत झाली होती. ती इथे चालत नाही. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची, अशी क्रमाने नवी करावी लागते. पहिल्या वर्गासाठी कॅप्टनने बंगळूरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनची वेळ घेतली. यावर आबांचा खरा संताप झाला. "आक्का कर्नाटक दाखवाया मिरजेला येतोय, आन तू मिरज सोडून कर्नाटकात चाललास?" त्यात मधल्या काळात आत्या, मावश्या आणि दोन्हीकडच्या काकवांनी 'पोरगं तिकडं ब्रेडवर राहिलं' म्हणून घरोघरी पुरणपोळ्या घातल्या होत्या. बंगळूरूच्या काट्यावर उभे राहिल्यावर या नातेवाइकांचे प्रेम किलोंमध्ये दिसले.

यानंतर अभ्यास. परदेशी परवाना असलेल्याला विमान नियमांचा एक पेपर आणि दिशाज्ञान व हवामान मिळून दुसरा, असे दोन पेपर द्यावे लागतात. पास व्हायला 70 टक्के. कॅप्टनने पुस्तके आणली, पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगायचे, इथे हेक्टोपास्कलमध्ये. तिकडे 29.92 म्हणायची सवय जडलेली. झोपेतही तोंडून तेच निघायचे. आजी समजायची, पोरगं पैशाचा हिशेब करतंय.

हवामानाच्या पुस्तकात एक प्रकरण डोंगराने अडवलेल्या पावसाचे होते. वाऱ्याच्या बाजूला मुसळधार, आडोशाला कोरडे. कॅप्टन त्यातली आकृती पाठ करत होता. मामा म्हणाले, "अरे, जिल्हाच आहे की आपला." महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दहिवडीच्या माणसाला पर्जन्यछायेची व्याख्या विचारली तर तो टँकर दाखवील. पण परीक्षेत टँकर हा पर्याय नसतो. अ, ब, क, ड असतात.

एप्रिलमध्ये तर शोभाच झाली. शेडमध्ये बेदाणा वाळत होता. कॅप्टन ओसरीवर बंगालच्या काळबैसाखीचे प्रश्न सोडवत होता: ही वादळे कोणत्या ऋतूत येतात, कोणत्या दिशेने सरकतात, ढगाचा प्रकार कोणता.

आबा बाहेरून आले. "सकाळपास्नं वारं पडलंय. आंगाला चिकाट सुटलीया. उगवतीकडनं काळं धराय लागलंय. चारच्या आत शेडवर ताडपत्री वढायची."

कॅप्टनने मोबाइलवर बघून सांगितले, "आबा, अंदाजात काही दाखवत न्हाई."

आबांनी त्याच्याकडे पाहिले आणि गड्याला हाक मारली. पावणेचारला वळीव असा कोसळला की अंगणातली बादली रस्त्यावर गेली. बेदाणा वाचला. पुस्तक ओले झाले, नेमके काळबैसाखीच्या पानापासून पुढे. "कंच्या ढगाचा प्रकार म्हणालास?" आबांनी डोके पुसत विचारले. हा पेपर आबांनी दिला असता तर नियमांत नापास झाले असते, हवामानात नव्हे.

खरी मजा रेडिओच्या परवान्याची. विमानातून बोलायलाही परवाना लागतो, त्याला आरटीआर म्हणतात. बरीच वर्षे त्याची परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती. 1934 च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि हे काम डीजीसीएकडे आले. मुले लेखी परीक्षेला जेवढी भीत नाहीत तेवढी याच्या तोंडी परीक्षेला भितात. वर्षभर ज्याने फ्लोरिडाच्या टॉवरशी रोज गप्पा मारल्या, त्याला भारतात 'तुला बोलता येते का' हे सिद्ध करावे लागते. कॅप्टनच्या बाबतीत ही शंका अगदीच चुकीची नव्हती. तो इंग्रजी नाकातून बोलायला शिकून आला होता. त्यातले निम्मे इकडे समजत नसे आणि उरलेले निम्मे, मामांच्या मते, तिकडेही समजत नसावे.

सरावासाठी मामा कंट्रोलर झाले. माजघरात मामा आणि ओसरीवर कॅप्टन. मधे पडदा, म्हणजे चेहरा दिसू नये.

"पुणे टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, दहा मैलांवर, उतरण्याची परवानगी हवी."

पडद्याआड कागद चाळल्याचा आवाज आला. "आपली विनंती प्राप्त झाली," मामा म्हणाले. "विचाराधीन आहे."

"मामा, असं म्हणत नाहीत. मी हवेत आहे."

"कल्पना आहे. तोवर घिरट्या घाला."

"आणि पेट्रोल संपत आलं तर?"

"तसा वेगळा अर्ज करा. सोबत मूळ पावती जोडा."

कॅप्टन चिडून तिसऱ्यांदा मोठ्याने "मेडे, मेडे, मेडे" ओरडला तेव्हा शेजारच्या काकू कढई खाली ठेवून धावत आल्या. त्यांना वाटले, घरात कुणी मेले.

तरी मामांचा सराव वाया गेला नाही. प्रत्यक्ष परीक्षेत परीक्षकाने कितीही आडवे विचारले, तरी कॅप्टनला ते सौम्यच वाटले.

एवढे सगळे कशासाठी, असे कुणी विचारले तर मामा 2011 ची गोष्ट सांगत. त्या वर्षी बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले काही वैमानिक पकडले गेले. सुरुवात झाली ती गोव्यात नाकाच्या चाकावर विमान टेकवणाऱ्या एका उतरणीपासून. तेव्हापासून कागद जास्तच बारकाईने तपासले जाऊ लागले. परदेशी परवाना खरा की खोटा, याची खातरजमा ज्या देशाने तो दिला त्या देशाकडूनच करून घ्यावी लागते. अमेरिकेच्या वैमानिकांचे दप्तर ओक्लाहोमा सिटीत आहे. सफदरजंग विमानतळासमोरचे दिल्लीचे कार्यालय आणि ओक्लाहोमा यांच्यात पत्रव्यवहार चालू असताना तासगावात आबा रोज विचारायचे, "आलं का वक्लामाचं?" पोस्टमनला वाटले, हे आबांच्या नवीन बियाण्याचे नाव आहे.

कॅप्टन खचला की मामांकडे दुसरे एक औषध होते: कॅप्टन अमोल यादव यांची कथा. हे गृहस्थ मूळचे सातारा जिल्ह्यातलेच, त्यामुळे मामा ती भावकीतली असल्यासारखी सांगत. यादव जेट एअरवेजचे वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीला चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधायला घेतले. लोक गच्चीवर पापड वाळवतात. त्यांनी विमान वाढवले. ते तयार झाल्यावर सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले आणि 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडले गेले. नोंदणीसाठी अर्ज केला होता 2011 मध्ये. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये. उडवून पाहायची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान हवेत गेले 2020 साली.

"नऊ वर्षं!" मामा बोटे मोजून सांगत. "त्यांनी विमान बांधलं आणि मग थांबले. तू नुसतं चालवलंस आणि तुला घाई."

यातून कॅप्टनला धीर यायच्याऐवजी तो नऊ वर्षांनी आपले वय किती होईल याचा हिशेब करू लागायचा. आई तो हिशेब आधीच करून बसली होती. स्थळे येत होती. पायलट म्हटल्यावर मुलीकडचे पहिल्या फेरीत हरखून जात आणि दुसऱ्या फेरीत चौकशी करत. मध्यस्थाने परिचयपत्रात 'नोकरी : पायलट (रूपांतर चालू)' असे छापले होते. विट्याकडचे एक पाहुणे, गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत जन्म घालवलेले, सोने तापवून पारखणारा माणूस. त्यांनी परिचयपत्र उलटेसुलटे पाहिले.

"रूपांतर म्हणजे काय हो?"

"अमेरिकेचं भारतात होतंय," आबा म्हणाले.

"वितळवायला टाकलंय म्हणा की. घट किती येणार?"

आबांनी लॉगबुकाची आठवण काढली आणि चहा मागवला. पाहुण्यांनी जाताना 'काम झालं की कळवा' एवढेच सांगितले.

दुसरे एक पाहुणे लंडनला भाचा असल्याचे सांगत होते. त्यांना मामांनी गाठले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश परवाना युरोपातल्या देशांच्या विमानांवर चालेनासा झाला आणि वेळेत बदलून न घेतलेल्या ब्रिटिश वैमानिकांना युरोपचा परवाना हवा असेल तर तेरा विषयांच्या परीक्षा पुढे आल्या, हे मामांनी वाचले होते. कालपर्यंत जे पॅरिसला जेवायला विमान घेऊन जात, ते आज वह्यापुस्तके घेऊन बसले.

"सायबाला पन?" आबांनी विचारले.

"तेरा विषय, दाजी. आपल्या पोराला दोनच."

त्या रात्री आबा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पेपर सुटले, आरटीआर सुटली, ओक्लाहोमाचे उत्तर आले. तोवर अपेक्षेप्रमाणे तास शिळे झाले होते. ते ताजे करायला आणि परीक्षकासमोर दिवसा-रात्री उडून दाखवायला इथले विमान तासाच्या भाड्याने घ्यावे लागते. विमानाची सोय या भागात अशी: कराडजवळ वारुंजीच्या शिवारात धावपट्टी आहे आणि तिच्या विस्ताराचा वाद तिच्यापेक्षा लांब आहे. कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. सांगलीजवळ कवलापूरला धावपट्टीची जुनी जागा आहे, पण तिथे विमानांऐवजी विमानतळाच्या मागणीच्या फेऱ्या होतात. आणि बारामतीला वैमानिकांचे शिक्षण चालते. कॅप्टन बारामतीला गेला. उरलेल्या बागेतला अर्धा बेदाणा त्या महिन्यात सौद्यात निघाला आणि हवेत गेला.

रात्रीच्या उड्डाणाच्या दिवशी आबा, मामा, आत्या आणि दोन शेजारी जीप करून बारामतीला आले. कुंपणाबाहेरून त्यांना अंधारात एक लाल आणि एक हिरवा दिवा वर जाताना दिसला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो दिवा दुसऱ्याच कुणाचा होता. कॅप्टन तेव्हा खोलीत बसून वाऱ्याची दिशा बदलायची वाट पाहत होता. तो उडाला तेव्हा मंडळी धाब्यावर जेवत होती.

अखेर परवाना आला. तो कागदावर आला नाही, ही मामांच्या आयुष्यातली मोठी दुर्घटना. फेब्रुवारी 2025 पासून डीजीसीएने वैमानिकांसाठी इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केला आहे. तो मोबाइलमध्ये येतो. कॅप्टनने फोन पुढे धरला. मामांनी चष्मा चढवला.

"हं. आणि मूळ प्रत?"

"हीच मूळ प्रत, मामा."

"मग झेरॉक्स कशाची काढायची?"

मामांनी फाईल उलटून बघितली. रावाचे प्रतिज्ञापत्र होते, ओक्लाहोमाचे पत्र होते, बोर्डाची पडताळणी होती, वजनाच्या तीन नोंदी होत्या. शेवटच्या कागदाची जागा मोकळी होती. त्यांनी पोवई नाक्यावर जाऊन त्या मोबाइलच्या पडद्याचा रंगीत प्रिंट काढून आणला, लॅमिनेट केला आणि जागेवर लावला. प्रिंटमध्ये वरच्या कोपऱ्यात बॅटरी अकरा टक्के राहिल्याचेही आले आहे.

पेढे वाटून झाल्यावर आबांनी पुन्हा विचारले, "आता तरी हजर व्हायचं का?"

कॅप्टन चप्पल बघत म्हणाला, "आता टाइप रेटिंग करायला लागतंय. एअरबस 320 चं."

"म्हंजे? ह्ये मिळालं ते कशाचं?"

"विमान चालवायचं."

"आन् ते?"

"ते विमान चालवायचं."

आबा जरा वेळ गप्प बसले. "माझ्याकडं ट्रॅक्टरचं एकच लायसन हाय. लाल बसतोय, निळा बसतोय, हिरवा बसतोय. किती लागतील?"

कॅप्टनने आकडा सांगितला. आत भांडे पडल्याचा आवाज आला. आई ऐकत होती.

"कुठं करत्यात ह्ये?"

"हिथंबी होतंय. परदेशातबी होतंय. तिकडं लवकर नंबर लागतोय म्हणत्यात."

"आन् तिकडं केलं तर?"

कॅप्टन काही बोलेना. मामांचे डोळे मात्र चमकले. "तर ते इथे पुन्हा नोंदवून घ्यावं लागेल," ते म्हणाले आणि कपाटातून नवी फाईल काढायला उठले.